वह्या मिटा, तोंडं उघडा

हसताय काय? वह्या मिटा आणि इकडे बघा. परवा दाततपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मला बोलावून तुमच्यातल्या काही जणांचे दात दाखवले. पुढच्या दातांच्या कडा झिजून काचेसारख्या आरपार दिसताहेत, दाढांच्या टोकांवर खळगे, आतला पिवळा भाग वर आलेला. कीड म्हणावी तर एक काळा ठिपका नाही. मग दात गेले कुठे? विरघळले!

सामू 5.5 च्या खाली उतरला की दातावरचं इनॅमल विरघळायला लागतं. कोलाचा सामू अडीचच्या आसपास. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट, हे पेपरात लिहून गुण घेता ना? मग करा हिशेब. हजारपट!

"पण बाई, मी शुगर-फ्री पितो." वा रे शहाण्या! साखर नाही म्हणून किडीची उपासमार झाली, आम्ल कुठे गेलं? कोलात फॉस्फोरिक, लिंबू-संत्र्याच्या पेयांत सायट्रिक. बाटलीवरची बारीक अक्षरं वाच: 338 आणि 330. तीच ती.

मागच्या बाकावरची बाटली प्रार्थनेपासून शेवटच्या तासापर्यंत घोट घोट फिरते, ते मला दिसत नाही असं वाटतं? एका दमात संपवली असतीत तर लाळेने थोड्या वेळात तोंड सावरलं असतं. दर दहा मिनिटांनी घोट घेतल्यावर तिला उसंत कुठली? वर तोंडात खुळखुळवून पिणारे महाभाग आहेतच. फाटकाबाहेरच्या मावशींच्या कैरी-चिंचेला मी नावं ठेवत नाही. खा, पाण्याने चूळ भरा, मोकळे व्हा. पण चिंचेचा गोळा तासभर गालात धरून बसलात, तर आम्ल देशी की विलायती, हे दात विचारत नाहीत.

आंबट खाल्ल्याबरोबर खसाखसा ब्रश करणाऱ्या टापटिपीच्या मंडळींनो, तुम्हीही ऐका. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल तुम्ही स्वतःच्या हाताने खरवडून काढताय. निदान अर्धा तास थांबा.

जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. आणि एक्कावन्नाव्या मीटरवर रांग लावणारे तुम्हीच! "पोरं ऐकत नाहीत" म्हणत पालकसभेत डोळे पुसणाऱ्यांना घरी जाऊन विचारा, फ्रीजमधली दोन लिटरची बाटली आणली कोणी?

मोडलेलं हाड सांधतं. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात, त्यामुळे ते गेलं की गेलं. सहाव्या-सातव्या वर्षी आलेले हे दात जन्मभर पुरवायचे आहेत. उद्यापासून दप्तरात फक्त पाण्याची बाटली. झाकण उघडून वास घेणार आहे मी.