न दिसलेल्या वाघांचा हिशेब

भारतात वाघ किती? २०२२च्या गणनेचं उत्तर एका आकड्यात नाही. किमान ३१६७, कमाल ३९२५, सरासरी ३६८२. हे ऐकून अनेकांना वाटतं, म्हणजे नीट मोजलेलंच नाही. मला वाटतं, नीट मोजल्याची खूण हीच.

पूर्वी आकडा एकच असायचा. वनरक्षक पाऊलखुणा शोधायचे, काच ठेवून ठसा गिरवायचे; प्रत्येक वेगळा ठसा म्हणजे एक वाघ. नजरेतून एकही वाघ सुटत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं. राजस्थानातल्या सरिस्कात २००४ साली कागदावर वाघ होते. २००५मध्ये कळलं, जंगलात एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी संपवले होते.

आताची पद्धत मुळात मान्य करते की काही वाघ सुटणारच. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. समजा, एका जंगलात पहिल्या फेरीत ४० वाघ टिपले, दुसऱ्या फेरीत ५०, आणि त्यातले २० आधीचेच. म्हणजे पाचातले दोन ओळखीचे. मग पहिले ४० हेही एकूण वाघांच्या पाचातले दोन भाग असणार. एकूण साधारण १००. खरं गणित बरंच किचकट असतं, पण गाभा हाच. न दिसलेले किती, हे पुन्हा दिसलेले सांगतात.

पण यात पळवाट नाही का? किमान आणि कमाल यांच्यात साडेसातशे वाघांचं अंतर. उद्या शंभर कमी झाले, तर ‘मर्यादेतच आहे’ म्हणून कुणीही हात झटकेल. आकडा एकच असला की निदान जाब विचारता येतो.

आक्षेप खरा आहे. पण सरिस्कातही आकडा एकच होता, आणि जाब विचारला गेला तो वाघ संपल्यावर.

म्हणून मला प्रश्न वेगळा वाटतो: आपल्याला नक्की माहीत नाही, याची किंमत कुणी मोजायची? जंगलातून रस्ता न्यायचा का, हे ठरवताना किमान आकडा धरावा. तो चुकला तर रस्त्याला उशीर होईल. कमाल धरून चुकलो तर वाघ जातील. पण चंद्रपुरात जंगलाला लागून शेती करणाऱ्यांसाठी कुंपण, गस्त, भरपाईचे पैसे ठरवताना कमाल आकडा धरावा. तिथे कमी धरून चुकलो तर माणूस जातो.

सरासरी बातमीसाठी ठीक आहे. निर्णय घेताना मात्र, आपली चूक ज्याला भोवणार, त्याच्या बाजूचा आकडा उचलायला हवा.