शंकासमाधान : आईवडिलांचं घर स्वस्तात घ्यावं का?

शंका : भिवंडीत कामतघरला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. वडिलांनी 35 वर्षं पॉवरलूमवर दिवसपाळी-रातपाळी करून, पगारातून साठवून ते घेतलं. आज त्याचे 40 लाख सहज येतील. वडील म्हणतात, "तू 22 लाख दे आणि नावावर करून घे." मला दोन बहिणी आहेत, एक कल्याणला, एक शहापूरला. "पोरींना आत्ता सांगू नकोस, उगाच वाद नको," असंही ते म्हणतात. आईबापाकडून स्वस्तात घर घेणं पाप आहे का? रात्र रात्र झोप लागत नाही.
— एक वाचक, भिवंडी

समाधान : स्वस्तात घेण्यात पाप नाही. घर वडिलांच्या कष्टाचं आहे, ते कुणाला किती भावात द्यायचं हा त्यांचा अधिकार. वडिलोपार्जित असतं तर गोष्ट वेगळी होती; 2005 च्या दुरुस्तीनंतर तिथे मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुमची झोप उडाली आहे ती भावामुळे नव्हे, "सांगू नकोस" या दोन शब्दांमुळे.

देहूच्या तुकोबांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. घरातली सावकारीची कर्जखतं त्यांना इंद्रायणीत बुडवायची होती. आधी त्यांनी त्यांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याचेच कागद पाण्यात सोडले. एवढं वैराग्य अंगी असूनही भावाच्या वतीने त्यांनी परस्पर निर्णय घेतला नाही. तुमच्या बहिणींचा या घरावर आज कायद्याने वाटा नसेल, पण ते त्यांचं माहेर आहे. ते कुणाच्या नावावर जातंय हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळू नये.

म्हणून वडिलांना समजावा आणि त्यांच्याच तोंडून बहिणींना सांगू द्या. फरकाचे 18 लाख ही वडिलांनी तुम्हाला दिलेली भेट आहे, हे त्यांच्यासमोर मोकळेपणाने कबूल करा. पुढे आईवडिलांचं दुखणंखुपणं तुम्ही बघणार असाल तर तेही बोला. हक्कसोडपत्राचा आग्रह मात्र धरू नका. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरात बहिणींना सोडायला हक्कच नसतो. त्यापेक्षा दस्तावर साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलवा.

कागदही खरा असू द्या. खरेदीखत करायचं तर त्यात 22 लाखच लिहा आणि पैसे बँकेतून द्या. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरचा सरकारी भाव यांपैकी जास्त रकमेवर लागतं, त्यामुळे कमी भावाने तिथे बचत होईलच असं नाही. फरकाच्या रकमेवर तुम्हाला प्राप्तिकर नाही, कारण देणारे आईवडील आहेत. पण वडिलांचा भांडवली नफा सरकारी भावाने धरला जाऊ शकतो. तेव्हा आधी सीएला विचारा. पैसे न घेता द्यायचं असेल तर बक्षीसपत्र आहे. राहतं घर मुलामुलीला देताना त्याचं मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार. पण बक्षीसपत्र करून मागच्या दाराने 22 लाख देणं हे खोटं, आणि नात्यातलं खोटं पुढे मुलांना निस्तरावं लागतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आईवडिलांनी हयातभर याच घरात राहावं आणि त्यांचा सांभाळ तुम्ही करावा, ही अट दस्तात लिहून घ्या, त्यांनी मागितली नाही तरी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट मोडली तर त्यांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहेच. तो कागदावर उतरवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. 22 लाखही त्यांच्याच नावावर ठेवीत राहू द्या.

रजिस्ट्रेशनची तारीख नंतर घ्या. आधी येत्या रविवारी बहिणींना जेवायला बोलवा.