तुटक रेषेचा धर्म

हिंगणा एमआयडीसीत लेथवर उभ्या असलेल्या टर्नरच्या हातात जो कागद येतो, तो काढणारा माणूस त्याला बहुधा कधी भेटलेला नसतो. कागदावर जे आहे त्याच्या भरवशावर लोखंड कापायचे. अशा कागदापुढे एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो: आपण सांगितलेले सगळे खरे असले, म्हणजे आपण खरे बोललो असे होते का?

नागपूरच्या व्हीएनआयटीत काय किंवा आयटीआयमध्ये काय, ड्रॉइंग शिकणाऱ्याला रेषांचे प्रकार सुरुवातीलाच शिकवतात. दिसणारी कड जाड आणि सलग. आड दडलेली कड तुटक. सेंटर लाइन म्हणजे लांब-आखूड तुकड्यांची साखळी. ती वस्तूवर कुठेच नसते, तरी भोकाचा मध्य तिच्यावरूनच कळतो.

यांतली तुटक रेषा विचार करायला लावणारी आहे. समोरून पाहणाऱ्याला ठोकळ्याच्या आतले आडवे भोक दिसत नाही. ते न दाखवलेले चित्र खोटे म्हणता येणार नाही, कारण तिथून खरेच तेवढे दिसते. पण त्यावर विसंबून कुणी वरून दुसरे भोक पाडले, तर ते पहिल्यात घुसेल. रणांगणावर धर्मराजही शब्दशः खरेच बोलला होता. हत्तीचा उल्लेख तेवढा तोंडातल्या तोंडात केला. द्रोणांनी शस्त्र ठेवले ते त्या ऐकू न आलेल्या भागापायी.

मग दडलेले सगळेच दाखवायचे का? तसेही नाही. तुटक रेषांचे जाळे झाले की कागद वाचताच येत नाही. सलग आणि तुटक रेषा एकाच जागी आल्या, तर सलग काढतात. दुसऱ्या व्ह्यूमध्ये किंवा सेक्शनमध्ये गोष्ट स्पष्ट होत असेल, तर इथली तुटक रेषा गाळतात. गाळण्याला परवानगी आहे, पण अट अशी की ती गोष्ट त्याच ड्रॉइंगमध्ये कुठेतरी सांगितलेली हवी. धर्मराजाने ही अट पाळली नव्हती.

शिवाय आपण कोणत्या पद्धतीने पाहतो आहोत, हेही सांगावे लागते. भारतात फर्स्ट अँगल पद्धत रूढ आहे: उजव्या बाजूचा व्ह्यू एलेव्हेशनच्या डावीकडे येतो, प्लॅन खाली. अमेरिकेतल्या थर्ड अँगलमध्ये तोच व्ह्यू उजवीकडे, प्लॅन वर. रेषा त्याच, पण पद्धत चुकीची धरली तर उजव्या पायाच्या चपलेऐवजी डाव्या पायाची व्हावी तसा पार्ट उलटा तयार होतो. म्हणून टायटल ब्लॉकजवळ कापलेल्या शंकूचे छोटे चिन्ह काढतात.

बोलताना, लिहिताना आपण असे चिन्ह क्वचितच देतो. आपल्या जागेवरून दिसते तेवढे सलग रेषेत ठासून मांडतो आणि वर ‘मी खोटे काय बोललो?’ असे विचारतो. त्याआधी विचारायला हवे ते हे, की आपल्या शब्दाच्या भरवशावर पलीकडे कोण लोखंड कापणार आहे, आणि त्याला आपल्याला काही विचारायची सोय आहे का.