रिकाम्या आसनाचा धनी

‘प्रतिनिधी’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे निवडून आलेला माणूस उभा राहतो. परंतु याज्ञिकांच्या परिभाषेत हा शब्द निराळ्या अर्थाने येतो. विहित द्रव्य मिळाले नाही, तर त्याच्या जागी जे घ्यावयाचे, तो प्रतिनिधी. व्रीही न मिळाल्यास नीवार, सोम न मिळाल्यास पूतीक. आपल्या देवघरातही वस्त्राच्या जागी कापसाचे वस्त्र आणि अलंकारांच्या जागी अक्षता वाहून आपण हेच करीत असतो, आणि देव ते गोड मानून घेतो अशी आपली श्रद्धा असते.

मीमांसकांनी या सवलतीला मर्यादा मात्र घातली. जैमिनींच्या सूत्रांत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात हा विचार आला आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो; देवतेला, अग्नीला, मंत्राला चालत नाही. यजमानालाही चालत नाही, कारण ज्याचा संकल्प, त्याचेच कर्म. अपवाद फक्त सत्राचा. सत्रात निदान सतरा जण मिळून यजमान होतात. सत्र सुरू झाल्यावर त्यांतील एखादा वारला, तर संख्या अपुरी पडून कर्म बिघडू नये म्हणून दुसरा माणूस आणता येतो. या नव्या माणसाचे स्थान काय? तो स्वामी नव्हे, फळ त्याला नाही. तथापि यजमानाचे सारे नियम मात्र त्याने पाळलेच पाहिजेत. बोजा सगळा, लाभ काहीच नाही. हा निर्णय प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो फार कठोर वाटला होता.

त्याची पुन्हा आठवण झाली ती अमेरिकेच्या सिनेटातील रिकाम्या जागांचे कायदे वाचताना. तेथील काँग्रेसची दोन गृहे. १७८७ च्या मूळ घटनेनेच असे ठरविले की, प्रतिनिधिगृहातील जागा रिकामी झाली तर त्या राज्याच्या गव्हर्नरने निवडणूक पुकारावी. नेमणूक करण्याची सोय नाही. सिनेटची गोष्ट वेगळी. सिनेटर त्या काळी राज्याचे विधिमंडळ निवडीत असे, आणि विधिमंडळाची बैठक चालू नसेल तर ती भरेपर्यंत गव्हर्नर हंगामी माणूस नेमी. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटरांची निवड थेट मतदारांच्या हाती आली. रिकामी जागाही निवडणुकीनेच भरावी असा मुख्य नियम झाला. परंतु निवडणूक होईपर्यंत तात्पुरती नेमणूक करण्याचा अधिकार विधिमंडळाने हवा तर गव्हर्नरला द्यावा, अशी पुस्ती जोडली गेली. बहुतेक राज्यांनी तो दिला. ओरेगॉन, विस्कॉन्सिन यांसारख्या थोड्या राज्यांनी दिला नाही. वायोमिंगात गव्हर्नरला पूर्ण मोकळीक नाही. ज्या पक्षाचा सिनेटर गेला त्या पक्षाने सुचविलेल्या तीन नावांतूनच त्याला निवड करावी लागते. म्हणून २००७ साली तेथील डेमोक्रॅटिक गव्हर्नरने रिपब्लिकन जॉन बरासो यांस नेमले.

(आपल्याकडे हा प्रश्न या रूपात उद्भवत नाही. लोकसभेची जागा पोटनिवडणुकीने भरते, राज्यसभेची आमदारांच्या मतांनी. निवडून आलेल्याच्या जागी राज्यपालाला माणूस बसविता येत नाही. सहा महिन्यांची मुदत मात्र कायद्यात १९९६ साली आली, आणि तिलाही अपवाद आहेत.)

‘तात्पुरती’ या शब्दाची लांबी किती? वकिलीच्या व्यवसायात या शब्दाने आम्हांस पुष्कळ पोटगी दिली आहे. देवस्थानाच्या समितीवर चार महिन्यांसाठी घेतलेला गृहस्थ अकरा वर्षांनी ‘माझी जागा’ म्हणून दावा लावतो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. न्यू यॉर्क राज्यात हाच प्रश्न मोठ्या रूपात उभा राहिला. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला. गव्हर्नर रॉकफेलर यांनी सप्टेंबरात चार्ल्स गुडेल यांस नेमले, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे निवडणूक ठरली ती नोव्हेंबर १९७० मध्ये, म्हणजे एकोणतीस महिन्यांनी. मतदार न्यायालयात गेले. न्यायालयाने कायदा वैध ठरविला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकाल घटनेच्या अक्षराला धरून असेल. पण एकोणतीस महिने ज्यांचे मत कोणी विचारले नाही, त्यांना अक्षराने काय समाधान मिळाले असेल?

पण याच गुडेल यांनी आमची पंचाईत केली आहे. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचा मिंधा राहतो, असे आपण गृहीत धरतो. गुडेल स्वतः रिपब्लिकन. राष्ट्राध्यक्ष निक्सनही त्यांच्याच पक्षाचे. तरी १९६९ साली त्यांनी व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य १९७० च्या अखेरीपर्यंत परत आणावे असे विधेयक मांडले. यजमानाचे नियम त्यांनी पुरे पाळले म्हणावयाचे. नंतर ते निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. मीमांसकाच्या न्यायाने त्यांनी उभेच राहावयास नको होते. परंतु उभे राहिले म्हणूनच मतदारांना त्यांच्या कामाचा झाडा घेता आला. जो आधीच ‘मी उभा राहणार नाही’ असे सांगून आसनावर बसतो, तो निःस्पृह खरा. पण तो कोणाला जबाब देतो? निःस्पृहता आणि बेजबाबदारी यांतील अंतर अशा वेळी फार थोडे उरते. आम्ही या प्रश्नावर बरेच दिवस अडून होतो.

अलास्काचे उदाहरण याहून अवघड. सिनेटर फ्रँक मर्कोव्स्की २००२ साली गव्हर्नर झाले आणि आपल्याच रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांनी आपली मुलगी लिसा हिला नेमले. आपल्याकडे गुरवपणाचा हक्क लेकाकडे जातो, त्याला निदान वहिवाटीचा आधार असतो; येथे तोही नाही. लोक संतापले, कायदा बदलला गेला. पण २००४ साली त्याच लोकांनी लिसाबाईंना निवडून दिले. २०१० साली पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा मतदारांनी मतपत्रिकेवर त्यांचे नाव स्वहस्ते लिहून त्यांना विजयी केले. यानंतरही ती खुर्ची वडिलांची देणगी आहे असे म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दोष होता तो २००२ च्या कृत्यात, आणि तो दोष वडिलांचा.

येथे आमची एक चूक आमच्या ध्यानात आली. सत्राचा दाखला आम्ही नेमलेल्या माणसाला लावीत होतो. पण या यज्ञात सिनेटर यजमान नव्हेच. संकल्प मतदाराचा, फळही त्याचेच. सिनेटर हे त्याने निवडलेले साधन. साधन नष्ट झाले तर बदली साधन चालेल. परंतु गव्हर्नर जेव्हा नाव उच्चारतो, तेव्हा तो स्वतः मतदाराच्या आसनावर बसतो. आणि मतदार तर मेलेला नाही, परगावी गेलेला नाही, दाराशीच उभा आहे. यजमान दाराशी उभा असता त्याच्या नावाने दुसऱ्याने संकल्प सोडावयाचा? सत्रातील सवलतही येथे लागू पडत नाही. इलिनॉयचे गव्हर्नर ब्लागोयेविच यांना डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली, ती बराक ओबामा यांची रिकामी जागा विकावयास काढल्याच्या आरोपावरून. पुढे त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२० साली ती कमी करण्यात आली. त्यांच्या लोभाची चर्चा पुष्कळ झाली. आम्हांस मात्र वाटते की, जी वस्तू आपली नाही ती आपल्या हातात कायद्यानेच येते, तेव्हा ती आपली वाटू लागणे हे लोभी माणसापुरते मर्यादित नाही.

तेव्हा नेमलेल्याने पुढे उभे राहावे की नाही, या प्रश्नापेक्षा मतदाराला किती लवकर विचारले जाते हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो. उभे न राहण्याची अट कायद्याने घालणेही सोपे नाही. काँग्रेसच्या उमेदवारीच्या पात्रता राज्याला वाढविता येत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले आहे. राज्यात मोठे काम अडेल म्हणून चार महिने कोणी आसन सांभाळले, तर आम्ही हरकत घेणार नाही.

मॅसॅच्युसेट्सने दोन्ही खेळ खेळून पाहिले. २००४ साली सिनेटर केरी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते आणि गव्हर्नर रॉम्नी विरुद्ध पक्षाचे. म्हणून विधिमंडळातील डेमोक्रॅटिक बहुमताने गव्हर्नरचा नेमणुकीचा अधिकार काढून घेतला आणि १४५ ते १६० दिवसांत निवडणूक घेण्याचे ठरविले. ऑगस्ट २००९ मध्ये एडवर्ड केनेडी वारले. आता गव्हर्नर आपल्या पक्षाचा होता. त्याच बहुमताने तात्पुरत्या नेमणुकीचा अधिकार त्याला दिला. तत्त्व पाच वर्षांत दोनदा कूस बदलून झोपले. मात्र निवडणुकीची मुदत कोणी वाढविली नाही. पॉल कर्क यांस नेमले गेले. आपण उभे राहणार नाही असे त्यांनी सांगितले होते आणि ते राहिले नाहीत. २४ डिसेंबर रोजी आरोग्यविम्याचे विधेयक सिनेटात साठ विरुद्ध एकोणचाळीस मतांनी मंजूर झाले, त्या साठांत त्यांचे एक मत होते. १९ जानेवारी २०१० रोजी मतदारांना विचारण्यात आले. त्यांनी केनेडींच्या जागी रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांस निवडून दिले.