ओळखीचं कोणी भेटलं तर?

तेलंगणातल्या दारू दुकानांच्या 2025 च्या सोडतीचे आकडे एव्हाना सगळ्यांना पाठ झाले असतील. 2,620 दुकानं, अर्जामागे परत न मिळणारे 3 लाख रुपये, 95 हजारांवर अर्ज. दुकानाचं शटर वर जाण्याआधीच सरकारी तिजोरीत 2,800 कोटींहून अधिक. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांनी तोंड लपवलं नाही, लपवायचं कारणही नाही. धंदा कायदेशीर आहे. तोंड लपवतं ते गिऱ्हाईक. तेही दुकानात जाताना नव्हे, दारू सोडायला जाताना.

हैदराबादच्या नल्लकुंट्यात फीव्हर हॉस्पिटलच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या बैठकीला जा म्हणून सांगून पाहावं. दारू ताब्यात आहे, ऑफिसातून सुटका नाही, देवाधर्माचं जमत नाही, ही कारणं तो स्वतःच अर्ध्यावर सोडतो. शेवटी हुकमाचं पान पडतं: ‘‘तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर?’’

भेटलं तर काय? भेटणाराही काही तिथे साबुदाणा घ्यायला आलेला नसतो.

आणि याचं पिणं लपलंय कोणापासून? वाइन्सवरचा पोऱ्या याचा चेहरा दिसताच ब्रँड न विचारता क्वार्टर जाळीतून पुढे सरकवतो. परमिट रूममधल्या टेबलावर उकडलेलं अंडं न मागता येतं. ऑटोवाल्याला गल्ली माहीत, वॉचमनला मजला माहीत. लिफ्टचं बटण तोच दाबून देतो, कारण साहेबांचं बोट बटणावर नीट पडत नाही. खालच्या काकूंना रात्रीचं भांडण संवादांसकट पाठ आहे. मुलाने मित्रांना घरी आणणं कधीच बंद केलंय. राहता राहिली ती काळी प्लास्टिकची पिशवी. तीत काय आहे हे कळू नये म्हणून ती काळी, आणि काळी आहे म्हणूनच सगळ्या रस्त्याला कळतं. ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडला की हाच गृहस्थ घरच्यांना सोबत घेऊन गोशामहलच्या ट्रॅफिक इन्स्टिट्यूटमध्ये समुपदेशनाला बसतो. तिथे ओळखीचं कोणी भेटेल याची चिंता करायला वेळच मिळत नाही.

‘‘पण आपली माणसं मोजकी, बातमी पसरते.’’ खरं आहे. इसामिया बाजारात साहित्याचा कार्यक्रम झाला की काचीगुड्यापासून बरकतपुऱ्यापर्यंतची सगळी घरं तिथे भेटतात. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम दोन तासांत आटपत नाही, तेव्हा चहाच्या वेळी एकमेकांच्या घरातलं निघतंच. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर बापाचा जीव धास्तावतो, त्यात खोटं काही नाही. फक्त तिथे चर्चा पिण्याची चालते, बैठकीची नव्हे. ती गेली पाच-दहा वर्षं चालूच आहे.

गंमत म्हणजे या भीतीवरचा तोडगा ए.ए.च्या नावातच आहे. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूचे व्यसनी, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. लोक त्यांना आजही बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब म्हणूनच ओळखतात. बैठकीत पहिलं नाव पुरतं. हजेरीपट, फी, फोटो काही नाही. डब्यात ज्याला जमेल ते तो टाकतो. प्रमुख पाहुणे नाहीत, शाल नाही, नारळही नाही. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत बसून एक अक्षर न बोलता उठून आलं तरी चालतं. ‘ओपन’ बैठकीला घरचेही येऊ शकतात, ‘क्लोज्ड’ फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने तर पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गटच उभा केला.

उपयोग होतो का? 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10 हजारांवर माणसं तपासली गेली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याकडे नेणारे उपचार इतर पद्धतींच्या तोडीचे, बऱ्याचदा सरस ठरले. आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूचं व्यसन जडलेल्या 38 जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या 37 जणांना ओळखीचं कोणी भेटलं नसावं.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग बैठक. एर्रागड्डाच्या सरकारी मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीची सोय आहे, 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. बैठकांची ठिकाणं आणि वेळा ए.ए.च्या वेबसाइटवर असतात. मराठीतच बोलायचं असेल तर ऑनलाइन बैठकीत पुण्या-मुंबईची माणसं भेटतात. ती ओळखीची निघण्याची शक्यता कमी. तेवढंही समाधान ज्याला हवं त्याने घ्यावं.

शहरातल्या मराठी संस्थांना एक विनंती. हॉल आठवडाभर रिकामाच असतो, त्यातला संध्याकाळचा एक तास अशा बैठकीला द्या. भाडं ए.ए.वाले स्वतः भरतात, फुकट मागत नाहीत. फक्त उद्घाटन करू नका.