वन पाहण्याचे मोल

सहल ठरली की प्रथम खर्चाचा हिशेब होतो. बसचे भाडे किती, मुक्कामाचे किती, शिधा घरून न्यावा की तिकडेच घ्यावा. आमच्या बजाजनगरातील काही कुटुंबांनी येत्या हिवाळ्यात चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात पायी भ्रमंती करण्याचे मनावर घेतले आणि असाच हिशेब सुरू झाला. त्या हिशेबात एक रक्कम मात्र कोणीच धरलेली नाही. तिचा विचार निघण्यापूर्वी व्हावा, असे आम्हांस वाटते.

चांदोली सह्याद्रीच्या माथ्यावर, सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. कऱ्हाडमार्गे येथून चारशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते. १९८५ साली हे अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. २०१० साली कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला व २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत त्याची गणना झाली. जांभूळ, अंजनी व हिरड्याची दाट झाडी, मधूनच जांभ्या दगडाचे उघडे सडे, गवा, सांबर, शेकरू अशी तेथील संपदा आहे. आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे त्याच्या कित्येक पट. ज्या पावसाने हे वन घडवले, त्या पावसाळ्यात मात्र उद्यान पर्यटकांना बंद असते. एरवीही वनखात्याच्या परवानगीवाचून आत पाऊल टाकता येत नाही. सृष्टी केवळ माणसाने पाहावी म्हणून नाही, हा धडा एवढ्यातच मिळतो. उत्पत्तीच्या पुस्तकातही परमेश्वराने वनस्पतींना चांगले म्हटले, तेव्हा मनुष्य अजून निर्माण व्हायचा होता.

परंतु हे वन निर्मनुष्य नव्हते. तेथे गावे होती, भातखाचरे होती, देव होते, पूर्वजांच्या समाधी होत्या. वारणेच्या धरणाने काही गावे उठली, अभयारण्याने आणखी काही. माणसे खाली सपाटीवर वसवली गेली. त्यांपैकी अनेकांना जमिनीसाठी व नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. आज ज्या शांततेसाठी आपण तेथे जाऊ इच्छितो, तिची किंमत त्या शेतकऱ्यांनी भरली आहे. हिशेबात न धरलेली रक्कम ती हीच.

मग प्रश्न असा, की दुसऱ्याच्या त्यागातून उभ्या राहिलेल्या सौंदर्याचा आनंद घेणे नीतीस धरून आहे काय?

कोणी म्हणेल, वन राखणे आवश्यकच होते. हे खरे आहे. सह्याद्रीचे वन तुटले तर नद्या आटतील. आपल्या नळाला येणारे जायकवाडीचे पाणीही त्र्यंबकेश्वरजवळ सह्याद्रीतच उगम पावते. परंतु कार्य योग्य असले म्हणून त्याचा सारा भार सर्वांत दुबळ्यांनी वाहावा, असे ठरत नाही. उलट कार्य जितके सर्वांच्या हिताचे, तितका त्याचा भार सर्वांनी वाटून घ्यावयास हवा.

दुसरा म्हणेल, मग जाऊच नये. हा मार्ग सोपा आहे, पण त्याने कोणाचे देणे फिटत नाही. शिवाय तो आपल्याला निर्दोष असल्याचा खोटा दिलासा देतो. १९८५ सालीच बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. ही वसाहतही कोणाच्या तरी शेतांवर उभी आहे. जायकवाडीच्या जलाशयाखालीही गावे गेली. आपला पगार, आपले घर, आपले पाणी, यांपैकी काहीच अशा ऋणातून मुक्त नाही. चांदोली टाळून हे ऋण टळणार नाही.

न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, अशी व्याख्या संत थॉमस अक्विनास यांनी स्वीकारली आहे. दया त्यानंतर येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात धरणीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश यांना एकत्र ऐकण्यास सांगितले, त्यामागेही हाच विचार होता. वनाची काळजी करणारा वनातून उठलेल्यांना विसरला, तर त्याचे प्रेम अर्धेच राहते.

म्हणून आमचे मत असे, की जावे. पण पाहुण्यासारखे जावे. संख्या थोडी असावी. सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी ठरवताना घासाघीस करू नये. मुक्काम व जेवण शक्यतो उद्यानालगतच्या गावातील घरी करावे, म्हणजे चार पैसे तेथे राहतील. ध्वनिवर्धक नको, प्लास्टिक नको. एक दिवस पुनर्वसित वसाहतीतील वडीलधाऱ्यांजवळ बसावे. उपकार करण्यासाठी किंवा क्षमा मागण्याचे नाटक करण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या तोंडून त्या वनाची नावे ऐकण्यासाठी. कोणत्या खाचराला काय म्हणत, कोणत्या झऱ्याचे पाणी उन्हाळ्यात टिके, हे त्यांना ठाऊक असते. त्यांचे काही अर्ज पडून असतील, तर आपल्यातील लिहिता येणाऱ्यांनी लेखणी उचलावी.

मुलांना मात्र हे सर्व निघण्यापूर्वी सांगावे. परतल्यावर त्यांना गवा दिसला की नाही, हे शेजारी विचारतीलच. त्या रानात पूर्वी कोण राहत होते, हेही ती सांगू शकली, तर सहलीचा खर्च योग्य कारणी लागला असे आम्ही समजू.