दुसऱ्याचें वाक्य

निबंध तपासतांना शिक्षकाला राग येणें हें नित्याचेंच आहे. परंतु गेल्या वर्षीं एका निबंधानें मला जो राग आला तो निराळ्या जातीचा होता. वर्गांतील एका हुशार विद्यार्थ्यानें माझेंच एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून माझ्यापुढें ठेविलें होतें. “संतकाव्याला काव्यशास्त्राची कसोटी लावणें व्यर्थ आहे” असें आमचे प्राध्यापक सांगतात, असें त्यानें लिहिलें होतें. व्याख्यानांत मीं म्हटलें होतें तें असें कीं, संतकाव्याला काव्यशास्त्राची कसोटी लावणें व्यर्थ आहे असें कित्येक मानतात, पण मला तें पटत नाहीं. शब्द सारे माझे होते. एकहि त्याच्या पदरचा नव्हता. आणि तरी मीं सांगितलें होतें त्याच्या नेमकें उलट तें झालें होतें.

त्याला बोलावून विचारलें तेव्हां तो म्हणाला, “सर, वाक्य लांब होतें, म्हणून शेवट गाळला.” या उत्तरांत लबाडी नव्हती. आपल्या भाषेचा स्वभावच असा आहे कीं, वाक्याचा निकाल शेवटीं लागतो. इंग्रजींत नकार बहुधा वाक्याच्या मध्यावरच येऊन बसतो. मराठींत ‘नाहीं’ अगदीं टोंकाला उभें असतें, आणि शेपूट तोडलें कीं वाक्य तोंड फिरवितें. शिवाय दुसऱ्याचें बोलणें सांगतांना इंग्रजींत पुरुष आणि काळ बदलावे लागतात. मराठींत ‘मी उद्यां येईन असें तो म्हणाला’ एवढ्यानें भागतें. हे शब्द त्याचेच कीं सांगणाऱ्याचे, हें रचनेवरून कळत नाहीं. तें सांगण्याचें सारें ओझें एकट्या चिन्हावर पडतें.

हें चिन्ह आमचें नव्हे. संस्कृत ग्रंथकार ‘इति’ शब्दानें परक्याचें बोलणें संपवीत. तें कोठें सुरू झालें हें मात्र वाचणाऱ्यानें ओळखावयाचें असे. मोडीच्या जुन्या कागदांत तर दोन शब्दांमध्येंहि अंतर नसे. १८५० च्या सुमारास मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीनें इंग्रजी विरामचिन्हें मराठींत रुजूं लागलीं. चिन्हें दुहेरी असावींत कीं एकेरी, पूर्णविराम त्यांच्या आंत यावा कीं बाहेर, याविषयीं विद्यार्थी मला नेहमीं विचारतात. खुद्द इंग्रजीवाल्यांतच याविषयीं एकमत नाहीं. अमेरिकन छापखाने पूर्णविराम सरसकट आंत घेतात, इंग्लंडांत बहुधा अर्थ पाहून ठरवितात. कोणतीहि एक रीत धरा आणि ती शेवटपर्यंत पाळा, एवढेंच माझें उत्तर असतें. पूर्णविराम चुकीच्या जागीं पडल्यानें आजवर कोणाची अब्रू गेलेली नाहीं.

चिन्ह परकें असलें तरी त्यामागची काळजी मात्र आमच्याकडे जुनी आहे. मल्लिनाथानें कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना, आधाराशिवाय मी कांहीं लिहिणार नाहीं, अशी आरंभींच प्रतिज्ञा केली. पण या कामीं महानुभावांची बरोबरी करील असें मला दुसरें कोणी दिसत नाहीं. म्हाइंभटानें तेराव्या शतकांत चक्रधरांच्या आठवणी ठिकठिकाणच्या शिष्यांकडून जमवून लीळाचरित्र सिद्ध केलें. एकाच प्रसंगाविषयीं दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत तर निराळे पाठहि राखून ठेवण्यांत आले. पुढें केसोबासानें त्यांतून चक्रधरांचीं वचनें वेंचून सूत्रपाठ तयार केला. वचनें वेंचलीं म्हणजे तीं प्रसंगापासून तुटलीं. आपण आज सुविचारांच्या वह्यांत हेंच करतों आणि तेवढ्यावर समाधान मानतों. त्या पंथाचें समाधान झालें नाहीं. कोणतें वचन कोणत्या प्रसंगीं, कोणाला उद्देशून निघालें, हें सांगण्यासाठीं ‘प्रकरणवश’ नांवाचा निराळा ग्रंथ त्यांनीं रचिला. तोडलेलें फूल कोणत्या झाडाचें, कोणत्या फांदीचें, हें लिहून ठेवण्याची ही निष्ठा पाहिली कीं आमच्या विद्वत्तेच्या तळटीपा फार उथळ वाटूं लागतात.

वाङ्मयचौर्याचा आपल्याकडे पुष्कळ गवगवा होतो, आणि तो व्हावाहि. तुकारामांच्या अभंगांत स्वतःची नाममुद्रा घालणाऱ्या सालोमालोची कथा आपल्याकडे परंपरेनें सांगत आले आहेत. परंतु चोराला निदान मालाची किंमत कळलेली असते. उलट दिशेचा अपराध मला अधिक वाईट वाटतो. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडीं घेण्याचा नव्हे, तर आपलें म्हणणें दुसऱ्याच्या तोंडीं घालण्याचा. एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां तींत पदरची ओवी घालूं नये म्हणून त्यांनीं कडक शब्दांत बजाविलें, तें याच कारणानें. सालोमालोनें तुकारामांचा अभंग नेला, तरी अभंग शाबूत राहिला. ज्याच्या तोंडीं भलतेंच घातलें त्याचें मात्र बोलणेंच नाहींसें होतें, आणि तो हयात नसला तर फिर्याद कोणीं करावी?

त्या विद्यार्थ्यावर मी चांगलाच तापलों होतों. घरीं आल्यावर राग निवूं लागला तसें मला एक जुनें प्रकरण आठवलें. पंचवीस वर्षांपूर्वीं एका वयोवृद्ध टीकाकाराच्या कादंबरीविषयक मतांवर मीं एक खरमरीत लेख लिहिला होता. त्यांचें वाक्य मीं असें दिलें होतें: “कादंबरीनें बोध केलाच पाहिजे... कीर्तन हें... कादंबरीहून कितीतरी सरस आहे.” वाचक पोट धरून हंसले. मित्रांनीं पाठ थोपटली. त्या गृहस्थांचें मला चार ओळींचें एक कार्ड आलें. माझें वाक्य आपण एकदां सबंध छापावें, एवढीच त्यांची विनंती होती. मीं उत्तर धाडलें कीं, गाळलेल्या जागीं मीं टिंबें दिलीं आहेत, तेव्हां वाचकाची फसवणूक झालेली नाहीं.

टिंबें होतीं, हें खरें. कांहींतरी गाळलें आहे एवढें तीं सांगतात. काय गाळलें तें सांगत नाहींत. नियम मीं अक्षरशः पाळला होता, आणि त्या विद्यार्थ्यानें तर टिंबेंहि दिलीं नव्हतीं, म्हणून मी त्याला अडाणी म्हणत होतों. तो गाळतांना चुकला होता. मी गाळतांना हंसलों होतों.

ते टीकाकार पुढें सहा वर्षांनीं वारले. त्यांच्याविषयीं कांहींच न वाचलेले लोकहि त्यांना ‘कीर्तनवाले’ म्हणून ओळखत, आणि तें नांव माझ्या लेखानेंच त्यांना दिलें होतें. जुना अंक काल फडताळांतून काढला, त्यांचें पुस्तक ग्रंथालयांतून आणविलें आणि वाक्य पडताळून पाहिलें. तें असें आहे:

“कादंबरीनें बोध केलाच पाहिजे असें ज्यांना वाटतें त्यांनीं खुशाल कीर्तनास जावें, कीर्तन हें त्या कामीं कादंबरीहून कितीतरी सरस आहे, आणि कादंबरीला तें काम कोणीं सांगितलेलेंच नाहीं.”